चिमटाताईचे एकतीस गुण

चिमटे,

हे पत्र तुला आहे, पण तुझी हकीकत मी तिऱ्हाइतासारखी सांगणार आहे. 'मी' म्हटलं की माणूस लगेच स्वतःची बाजू घ्यायला लागतो, आणि तेवढा वेळ आता माझ्यापाशी नाही. चुकलं तिथे टोक.

तर, एक होती नर्स. भाजलेल्यांच्या वॉर्डात तिला तेहतीस वर्षं झाली होती. जखमेला चिकटलेली पट्टी ती चिमट्याने अशी सोडवायची की रोगी बोलता बोलता विचारायचा, "झालं पण?" म्हणून सगळे तिला चिमटाताई म्हणत. सुया उकळायच्या काळात ती आली, आणि कॉम्प्युटर आला तेव्हा लेकीकडून तीन संध्याकाळींत एका बोटाने टाइप करायला शिकली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तीही त्याच वॉर्डात काढायची, एवढंच तिला हवं होतं.

मग हॉस्पिटलने ठरवलं, की बदलत्या कामाशी कोणती नर्स किती जुळवून घेते ते मोजायचं. चोवीस वाक्यं, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. जिला कमी गुण पडतील तिची रवानगी चादरींच्या कोठीत. फॉर्म वाटायला आणि गुण मांडायला नर्सिंग कॉलेजातून निवृत्त झालेल्या मॅडमना बोलावलं. यांनीच चिमटाताईला एकोणिसाव्या वर्षी शिकवलं होतं. मॅडमनी फॉर्म वाटले, "वाचा आणि भरा" म्हणाल्या, आणि चहाला गेल्या.

चिमटाताईला एकशेवीसपैकी एकतीस पडले. सगळ्यांत कमी.

मॅडम फॉर्म घेऊन तरातरा ड्रेसिंगच्या खोलीत गेल्या.

"काय गं हे? 'माझं पुढचं आयुष्य कसं असेल याचा मी विचार करते', पुढे एक? 'मी नवी कामं शिकते', पुढे एक?"

"आज नाही ना शिकले, मॅडम. सकाळपासून अकरा ड्रेसिंगं झाली. लघवीला जायला फुरसत नाही, विचार कधी करू?"

"अगं शहाणे, आजचं कुणी विचारलं? एकंदरीत!"

"एकंदरीत कसं लिहू? पाळीत झालं तेवढंच लिहायचं. तुम्हीच तर वही भिरकावली होती माझी."

मॅडमना आठवलं. शिकत असताना या पोरीने चारचं औषध साडेतीनलाच 'दिलं' म्हणून लिहून टाकलं होतं, आणि पावणेचारला रोगी गेला. सगळ्या वॉर्डादेखत मॅडम गरजल्या होत्या, "मेलेल्याला औषध पाजलंस का गं?" पोरगी दोन दिवस जेवली नव्हती. तेव्हापासून न केलेल्या कामाचं एक अक्षर तिच्या हातून कागदावर उतरलं नाही.

"बरं बाई, खोड आणि चार-पाच कर."

"खोडाखोड नाही. तीही तुमचीच शिस्त. कोरा फॉर्म आणून द्या, तुमचा तो एकंदरीतचा भरते." मग चिमटा ट्रेमध्ये ठेवत हळूच म्हणाली, "कोठीत माझा जीव नाही हो लागायचा. सोमवारी यादी लागायची आहे, शनिवारच्या आत आणा."

कोरे फॉर्म वरच्या मजल्यावर, अधीक्षकांच्या कपाटात होते. एक मागायचा म्हणजे का हवा ते सांगणं आलं: "मी फॉर्म नीट समजावून न देताच वाटले." मॅडम जिन्यापर्यंत दोनदा गेल्या. शुक्रवारी अधीक्षकांकडे कुणीतरी बसलं होतं, शनिवारी मॅडमचे गुडघे दुखत होते. गुडघे रोजच दुखायचे.

सोमवारी यादी लागली, आणि चिमटाताई कोठीत गेली.

महिन्याने मॅडम कोठीत गेल्या. चिमटाताईने धुऊन धुऊन मऊ पडलेल्या जुन्या चादरी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. "या आपल्या वॉर्डाच्या. नव्या खरखरीत असतात, कातडीला चिकटतात." तोवर कोठीत हे कुणाला सुचलं नव्हतं.

"रागावलीस?"

"रागावून काय करू? पुढच्या वर्षी पुन्हा मोजणार आहेत म्हणे, पण कोठीतल्यांना फॉर्म देत नाहीत. तेव्हा तरी कोरा आधी माझ्याकडे आणा. समोर बसून भरू."

"आणते," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या वर्षी फॉर्म निघाले. या खेपेला मॅडमना बोलावणं नव्हतं. एक कोरा मागायला तोच जिना, तेच अधीक्षक आणि तीच कबुली. चिमटाताई निवृत्त झाली ती कोठीतूनच.

चिमटे, त्या जिन्याने मी अजून वर गेलेले नाही.