मानसिंग वर बघायला शिकला

बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे भांड्यांची दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानाच्या डोक्यावर 'गिरीराज स्टुडिओ' आहे. जिना इतका अरुंद की नवरा-नवरीला जोडीने वर चढता येत नाही, एकाला मागे राहावंच लागतं. गिरीराज म्हणजे मानसिंगचे वडील. त्यांनी स्टुडिओ काढला, पोराच्या हातात कॅमेरा दिला आणि बजावलं, की जे फ्रेममध्ये नाही त्याच्याकडे बघायचं नाही. मानसिंगने हे इतकं मनावर घेतलं की पुढे आयुष्यभर तो जेवतानासुद्धा ताटाकडे एक डोळा मिटून बघायचा. बायको त्याला यावरून छळायची.

बायकोचं नाव मथुरा. दोघांचीही घराणी बंगळुरात इतक्या पिढ्यांपूर्वी आलेली, की त्यांच्या मराठीला कन्नडचं पाणी चांगलंच लागलेलं. मथुरा नवऱ्याला 'अहो' म्हणत नसे, गल्लीतल्या इतर बायकांसारखी 'रीऽ' अशी हाक मारी आणि ती हाक खालच्या भांडीवाल्यालाही ऐकू जाई. लग्नानंतर पहिल्याच हंगामात मानसिंगचा लाइट धरणारा माणूस ऐन मुहूर्ताला आला नाही, तेव्हा ही नवी नवरी पदर खोचून लाइट घेऊन उभी राहिली. तो लाइट तिने पुन्हा कोणाच्या हाती दिला नाही. मुलीची आई कुठल्या क्षणी डोळे पुसणार, रुसलेला मामा कुठल्या खांबाआड उभा आहे, हे तिला आधी कळायचं. तिचा लाइट तिकडे वळला की मानसिंग मुकाट कॅमेरा तिकडे न्यायचा. लोक म्हणत, अण्णांची नजर काय तयार आहे! अण्णा ते कौतुक खुशाल खिशात घालत.

मग ड्रोन आले. आता बंगळुरातल्या लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतो, पण डोक्यावर ड्रोन घोंगावल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. सर्जापूर रोडच्या उंच इमारतींतून जोडपी यायची, अल्बम चाळायची, वा वा म्हणायची आणि जाता जाता विचारायची, "अंकल, ड्रोन आहे ना? लायसन्सवाला पायलट लागतो हं, रिसॉर्टवाले विचारतात." अंकलकडे ड्रोनही नव्हता आणि लायसन्सही. जोडपी जिना उतरून जायची ती परत यायची नाहीत.

"तुम्हीच शिका," मथुरा एक दिवस म्हणाली.

"मी? पन्नाशी उलटली माझी."

"दहावी पास आहात, डोळे आहेत, हात आहेत. रम्याने सगळं बघून ठेवलंय. डॉक्टरचा दाखला, थोडा वर्ग, थोडं मैदान आणि मग परीक्षा. सरी, ठरलं."

रम्या म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं ऑफिस आणि सासर सर्जापूर रोडलाच, त्यामुळे आईबापांशी भेट फोनवरच जास्त. मायलेकींनी एकदा ठरवलं म्हटल्यावर मानसिंगच्या हाती मान हलवण्यापलीकडे काही उरलं नव्हतं.

प्रवेशासाठी मानसिंगचा फोटो हवा होता. तो काढून झाल्यावर मथुरा म्हणाली, "माझाही काढा. बँकेत नवा मागितलाय." ती पांढऱ्या पडद्यापुढे बसली, दंड खाजवत. हल्ली ती सारखी खाजवायची आणि मानसिंग म्हणायचा, घामोळं आहे. त्याने फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला, तर चेहरा पिवळा आलेला. डोळ्यांतलं पांढरंही पिवळं. नवे एलईडी दिवे गेल्याच महिन्यात लावले होते, त्या दिव्यांच्या कंपनीला त्याने मनसोक्त शिव्या घातल्या. मग सराईत हाताने रंग दुरुस्त केला. पिवळा काढला, गालांवर जरा गुलाबी चढवली, डोळे शुभ्र केले. कोणाही फोटोग्राफरने हेच केलं असतं, पण ती कोणाची तरी बायको आहे आणि ती समोर स्टुलावर बसली आहे, तेव्हा एकदा मान वर करून बघावं, हे कोणाही फोटोग्राफरला सुचलं नसतं.

"अय्यो, दहा वर्षांनी लहान केलंत की मला," मथुरा खूश होऊन म्हणाली.

शिकवणीचं मैदान होसकोटेच्या पुढे होतं. शिकवणारे शिवकुमार सर शांत माणूस, कन्नडशिवाय फारसं बोलत नसत. वर्गात मानसिंगचं ठीक चाललं. कुठे उडवायचं, कुठे नाही, विमानतळाजवळची बंदी, वारा, बॅटरी, हे सगळं त्याने शाळकरी पोरासारखं घोकलं. खरी रड मैदानावर होती. ड्रोन हवेत गेला की त्याची मान खाली, हातातल्या रिमोटच्या स्क्रीनवर. ड्रोनकडे डोळ्यांनी बघत राहायचं हा तिथला पहिला नियम, आणि नेमका तोच त्याला पाळता येईना. तीस वर्षांची खोड ती.

मथुरा रोज सोबत यायची. चित्रान्नाचा डबा घेऊन मैदानाच्या कडेला चिंचेखाली बसायची. रखवालदार तिच्यासाठी न सांगता खुर्ची मांडून ठेवायचा. मानसिंगची मान खाली गेली की तिकडून हाक यायची, "रीऽ, वर बघा!" बाकीचे शिकाऊ हसायचे. शिवकुमार सरही एकदा हसत म्हणाले, "अण्णा, तुमचा अर्धा कोर्स अक्का करतायत."

परीक्षेच्या दिवशी मात्र हाक मारायला परवानगी नव्हती. मथुरा तोंडाला पदर लावून बसली. ड्रोन वर गेला, चौकोन झाला, मग इंग्रजी आठचा आकडा सुरू झाला. आकड्याच्या पलीकडच्या टोकाला ड्रोनचं तोंड वळलं आणि मानसिंगची नजर सवयीने खाली गेली. स्क्रीनवर चिंचेचं झाड होतं, त्याखाली खुर्चीत मथुरा, मांडीवर डबा, चेहऱ्यावर पानांतून पडलेलं ऊन. तीस वर्षांत त्याने तिला असं कधी टिपलं नव्हतं, कारण ती नेहमी लाइटच्या मागे असायची. तो थांबला. फ्रेम जरा डावीकडे घेतली. तेवढ्यात वाऱ्याने ड्रोन मैदानात रोवलेल्या झेंड्यांच्या रेषेबाहेर ढकलला आणि शिवकुमार सरांनी आपल्या हातातल्या दुसऱ्या रिमोटने तो खाली उतरवला.

"नापास," मानसिंग चिंचेखाली येऊन म्हणाला.

"खाली बघितलंत ना?"

"फ्रेम छान होती."

मथुरा हसली आणि मग तिला खोकल्याची उबळ आली. शिवकुमार सर मजिगेचे ग्लास घेऊन आले होते. ताकाचा ग्लास तिच्या हातात देताना ते थबकले. थोडा वेळ बघत राहिले आणि मानसिंगला बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णा, अक्कांचे डोळे पिवळे दिसतायत. डॉक्टरांना दाखवलंत का?"

"उन्हाचं आहे, सर," मानसिंग म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला तो बँकेचा फोटो आठवला. स्टुडिओत ऊन नव्हतं. दिव्यांतही काही दोष नव्हता. त्या दिव्यांखाली नंतर काढलेले इतर सगळ्यांचे फोटो व्यवस्थित आले होते. तो मागे वळला आणि बऱ्याच वर्षांनी त्याने बायकोकडे नुसत्या डोळ्यांनी बघितलं. ती पिवळी होती. गळ्याची हाडं वर आली होती. मंगळसूत्र पूर्वी कुठे टेकायचं आणि आता कुठे लोंबत होतं, हेही त्याला तेव्हाच दिसलं.

स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. पित्ताची वाट अडली होती, म्हणून अंग पिवळं, म्हणून ती खाज. डॉक्टरीणबाई भली होती. ती म्हणाली, तुम्ही महिनाभर आधी आला असतात तरी फार काही वेगळं झालं नसतं. रम्याला ते पटलं. मानसिंगला पटलं नाही आणि पटणारही नव्हतं. लोक आपल्याला बरं वाटावं म्हणून रंग दुरुस्त करतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

एका दुपारी रम्या खाली औषधं आणायला गेल्यावर तो मथुराच्या उशाशी बसला आणि मनातलं सांगून टाकलं. "त्या बँकेच्या फोटोत तू पिवळी आली होतीस. मला दिसलं होतं, मथुरा. मी ते पुसलं."

मथुराने मान त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "मला चांगली दिसावी म्हणूनच केलंत ना? मग त्यात काय एवढं?"

तिने एक शिवी घातली असती तर त्याला सोसलं असतं. हे सोसवेना. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि रडला, आणि तिने त्याला रडू दिलं.

"परीक्षा परत कधी आहे?" मागून तिने विचारलं.

"गेली ती परीक्षा खड्ड्यात."

"ते बेडा, असं बोलू नका. मला ते सर्टिफिकेट बघायचंय. सरांना फोन लावून द्या."

नको नको म्हणता त्याला फोन लावावा लागला. तिने पडल्या पडल्या स्वतः शिवकुमार सरांशी कन्नडमध्ये बोलून तारीख घेतली, घासाघीस करून जवळची घेतली. मग फोन त्याच्या हातात देत म्हणाली, "तिथे या वेळी मी नसणार. तुमची मान तुम्हीच वर ठेवायची."

त्या दिवसापासून मानसिंगचा एकच ध्यास होता, की तिचे डोळे उघडे असेपर्यंत तो कागद तिच्यापुढे धरायचा. पण तारखेच्या आठवडाभर आधी ती गेली. पहाटेपर्यंत रम्याचा हात धरून होती, उजाडता उजाडता सुटली.

घरात माणसं जमली. जे. पी. नगरहून मथुराचा धाकटा भाऊ हणमंतराव बायकोमुलांसह आला आणि त्याने सगळं अंगावर घेतलं. परीक्षेच्या सकाळी मानसिंग बूट घालताना दिसला तेव्हा तो दारातच आडवा आला.

"भावजी, सुतक आहे. अजून दहावंसुद्धा झालं नाही. चार माणसं काय म्हणतील?"

"तारीख तिने घेतलीय," मानसिंग म्हणाला आणि जिना उतरला. रम्याही त्याच्या मागोमाग गेली.

मैदानावर शिवकुमार सरांनी त्याचा हात हातात घेतला. "अण्णा, पुढची तारीख देतो. नियमात बसवतो मी."

त्याने मान हलवून नको म्हटलं. सरांना बातमी माहीत होती, पण रखवालदाराला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याने नेहमीप्रमाणे चिंचेखाली खुर्ची मांडून ठेवली होती. रम्या खुर्चीकडे गेली, पण बसली नाही. बाजूला उभी राहिली.

ड्रोन वर गेला. चौकोन झाला. आठचा आकडा सुरू झाला आणि पलीकडच्या टोकाला ड्रोनचं तोंड चिंचेकडे वळलं. स्क्रीनवर आता काय असेल हे मानसिंगला न बघता कळलं. त्याची मान खाली गेली नाही. बघण्यासारखं होतं तेव्हा तो नेमका खाली बघत होता, आणि आता खाली बघण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता, तरी त्या आभाळातल्या काळ्या ठिपक्यावरून त्याने नजर हलवली नाही. आकडा पुरा झाला, ड्रोन जिथून उडाला होता तिथेच अलगद टेकला.

"पास," शिवकुमार सर म्हणाले. त्यांनी हे इतक्या हळू सांगितलं, की जणू वाईट बातमी देत होते.

मानसिंगने सवयीने चिंचेकडे वळून बघितलं. रम्याने ते बघितलं आणि तिला तिथे उभं राहवेना. ती धावत येऊन बापाच्या गळ्यात पडली. इतके दिवस ती सगळं निभावत होती, त्या दिवशी मैदानात ती हमसून हमसून रडली.

"रेकॉर्डिंग असतं का, सर?" निघताना मानसिंगने विचारलं. "मागच्या परीक्षेचं?"

"नाही अण्णा. शिकवायच्या ड्रोनमध्ये आम्ही कार्डच घालत नाही."

सर्टिफिकेट तेराव्याच्या आदल्या दिवशी आलं. रम्याने ते वडिलांच्या फोनवर उघडून दाखवलं. तो म्हणाला, ठीक आहे, आणि फोन उलटा ठेवला.

तेराव्याला पूजेत ठेवायला फोटो हवा होता. आणि तेव्हा लक्षात आलं, की शेकडो लग्नं काढणाऱ्या माणसाच्या घरात त्याच्या बायकोचा एकटीचा धड फोटो नाही. सगळीकडे तिचा हात, तिचा पदर, तिची भिंतीवर पडलेली सावली. एकच फोटो होता, बँकेचा. "तोच लावू या पप्पा," रम्या म्हणाली, "किती छान आलीय त्यात." मानसिंग स्टुडिओत गेला, बराच वेळ आत बसला आणि मोठा फोटो फ्रेम करून घेऊन आला.

भटजी आले, पाट मांडला, फोटो ठेवला. हणमंतराव हार घालायला वाकला आणि तसाच थांबला. मग मेहुण्याच्या कानाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "भावजी, प्रिंट चुकलीय बघा. अक्का पिवळी आलीय, डोळेसुद्धा. अजून वेळ आहे, स्वल्प दुरुस्त करून आणा ना."

"नाही," मानसिंग म्हणाला. "रंग बरोबर आहे."

"अहो, पण—"

"ती अशीच दिसत होती, हणमंता. माझ्यासमोर बसली होती."

हणमंतराव पुन्हा फोटोकडे वळला. त्याने हार घातला आणि भटजींनी मंत्र सुरू केले. मानसिंग भिंतीला टेकून बसला होता. विधी संपेपर्यंत त्याने त्या फोटोवरून डोळे काढले नाहीत.