साहेबांची सफाई आणि कोल्हापूरची एक जागा

जयपूरच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवाला झालो, कारण एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता बाहेर काढला होता. तेवढ्यावर साहेबांनी वेब सर्व्हर माझ्या गळ्यात मारला. सर्व्हर कसला, साहेबांच्या केबिनच्या कोपऱ्यातला साधा कॉम्प्युटर. त्यावर बदलीच्या अर्जाची चार पानं होती, आणि त्या चार पानांनी माझं डोकं खाल्लं.

तीन पानं सुरळीत जायची. चौथ्यावर बटण दाबलं, की कधी 'अर्ज मिळाला' यायचं, कधी नुसतं पांढरंफटक पान. प्रोग्राम मीच पुस्तकात बघून लिहिला होता, म्हणून आधी स्वतःला शिव्या घातल्या. मग एकेक ओळ तपासली, वायरी बदलल्या, मशीन शंभरदा बंद-चालू केलं. साहेब म्हणायचे, "लिखित में दीजिए." दिलं. त्यावर समिती बसली आणि समितीने सर्व्हरला नवं प्लॅस्टिकचं कव्हर घालायची शिफारस केली. कप्पाळ माझं!

मला स्वतःला कोल्हापूर हवं होतं. इथल्या प्रताप नगरच्या हिंदी शाळेत जाणारी आमची मुलगी "बाबा, मतलब काय झालं?" असं बोलायला लागली होती. बायकोने बजावलं होतं, "या वर्षी नाही झालं, तर मी हिला घेऊन चालले. तुम्ही बसा इथे दाल-बाटी खात." कोल्हापूरला जागा एकच. तीच माझ्या शेजारच्या टेबलावरच्या, शिरोळकडच्या गड्याला हवी होती. त्याची आई गावी एकटी, मांडीचं हाड मोडून पडलेली. त्याचा अर्ज आठ दिवस पांढऱ्या पानात गडप होत होता.

एक दिवस साहेब शीतलामातेच्या मेळ्याला चाकसूला गेले, सामान उचलायला शिरोळवाल्यालाच बरोबर घेऊन. त्या दिवशी एकही पान पांढरं आलं नाही. माझा अर्ज पहिल्या फटक्यात गेला. घरी शिरा झाला.

दुसऱ्या दिवशी साहेब परतले आणि पानं पुन्हा पांढरी. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. सहीच्या निमित्ताने केबिनमध्ये उभा राहिलो. चहा आला. एक घोट घेऊन साहेबांनी सर्व्हरचा माउस ओढला, टेम्पररी फायलींचा फोल्डर उघडला आणि सगळं पुसून टाकलं. "सफाई," ते समाधानाने म्हणाले. "ट्रेनिंग में बताया था. टेम्पररी है, तो रखना क्यों?" अर्धवट भरलेले सगळ्यांचे अर्ज चौथं पान होईपर्यंत तिथेच थांबलेले असायचे. आणि साहेब दिवसाला पाच चहा प्यायचे!

साहेबांना 'तुमचं चुकतंय' म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. अर्ज दुसऱ्या फोल्डरात ठेवले की झालं, पाच मिनिटांचं काम. पण मुदत संपायला दोनच दिवस होते आणि माझा अर्ज आत पोचला होता. गप्प बसलो तर? खरं सांगतो, दीड दिवस बसलो. शिरोळवाला तासातासाला यायचा. "बघा की जरा. आपलं माणूस म्हणून तुम्हालाच सांगणार ना?" मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. स्वतःची लाज वाटत होती.

शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नवा फोल्डर केला, अर्धवट अर्ज तिथे जातील असं केलं आणि त्याला 'हेड ऑफिसची परिपत्रकं' असं नाव दिलं. ती साहेबांनी कधी पुसली नसती आणि उघडून वाचलीही नसती. शिरोळवाल्याचा अर्ज गेला. त्याने मला सगळ्यांदेखत मिठी मारली. साहेबांनी वर कळवलं, की नियमित सफाईमुळे सर्व्हर सुधारला आहे.

दोन महिन्यांनी यादी आली. कोल्हापूर त्याला मिळालं.

घरी सांगितलं तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "पण त्याचा अर्ज तर जातच नव्हता ना? मग दुरुस्त कुणी केलं?"

"मी."

तिने उरलेल्या घड्या घातल्या. मग म्हणाली, "त्याच्या आईसाठी डिंकाचे लाडू करते. हाडाला चांगले. आणि आम्हा दोघींची तिकिटं त्याच्याच गाडीची काढा."