पराते सरांचे फोन

"हॅलो, मी सावनेरहून मामा बोलून राहिलो. भाचीचा रिपोर्ट आला का वं?" असा रडवेला फोन आमच्या काउंटरवर आला, की तो बहुधा पराते सरांचाच असे. रामदासपेठेतल्या आमच्या हॉस्पिटलात पेशंटची माहिती कशी जपायची, हे कर्मचाऱ्यांना शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. कोणी भोळेपणाने रिपोर्ट सांगितला, की सर जिना उतरून समोर हजर. "काहून सांगितलं वं? मामा पाह्यला होता का तू?" आवाज कधी चढत नसे, पण ऐकणारीला मेल्याहून मेल्यासारखं होई.

जाता-येता काउंटरवर उघडा कागद दिसला, की ते तो पालथा घालत. "पेशंटचा कागद हाय हा, पेपर नाही," म्हणत.

महिन्याभरात मी त्यांचा आवाज ओळखायला लागले. "सर, चहा झाला का?" म्हणून हसत फोन ठेवायची. त्याचा मला कोण अभिमान!

मग एका दुपारी पुन्हा एका मामाचा फोन आला. भाचीकडे निघालो, पत्ता हरवला म्हणाला. आवाज सरांचा नव्हता. म्हणजे मामा खरा, असं मी धरून चालले आणि तिचा कळमेश्वरचा पत्ता वाचून दाखवला. दोन तासांनी फाइल जागेवर लावताना डॉक्टरांची नोंद दिसली: नवऱ्याची मारहाण, पत्ता कोणालाही देऊ नये. मी फाइल घेऊन सरांकडे धावले.

तिचा फोन लागेना. सरांनी पोलिसांना कळवलं, मला स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही निघालो. वाटेत ते एकदाच बोलले. "तू माहा आवाज शिकली वं. बाकी शिकवायचं राहूनच गेलं. चूक माहीबी हाय."

कळमेश्वरला तिच्या खोलीचं दार आतून बंद होतं. शेजारच्या मावशी बाहेर आल्या. "नवरा येऊन बोंबलून गेला आत्ताच. त्याले गल्लीत पाह्यलं अन् ती पोरीले घेऊन मागच्या दारानं निघाली. आता ती तिच्या..."

"नका सांगू," सरांनी हात जोडले. "आमालेबी नका सांगू."

मला तेव्हा त्यांचा फार राग आला. ती सुखरूप आहे एवढं तरी मला कळायला हवं होतं. परतताना मी रडत होते.

सर निवृत्त झाले. आता ते फोन मी करवते, दर वेळी नव्या माणसाकडून. शिकवताना ही चूक नाव-गाव वगळून सांगते. कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, मग त्या बाईचं काय झालं?"

मला माहीत नाही.