भिंतीवर वाजणारं शेपूट

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, ही म्हण मराठीत आहे, हिंदीतही आहे. ती वापरणाऱ्यांपैकी कुणी खरोखर नळी आणून शेपूट आत घातलं असेल असं मला वाटत नाही. मी घातलं आहे. गेल्या कार्तिकात, बनारसला ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात, रोज सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे. नळी म्हणजे ताईच्या गुडघ्यांना लावायच्या तेलाची रिकामी बाटली, दोन्ही टोकांनी कापलेली.

कुत्रा ताईचा. मी कुत्र्यांची नाही, मांजरांची नाही, आणि मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवून झाल्यावर माणसांचीही फारशी उरले नाही. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघी बहिणीच. लग्नं दोघींचीही झाली नाहीत. कारणं वेगवेगळी होती आणि त्यांचा इथे संबंध नाही. दहा वर्षांपूर्वी ताई पंचगंगा घाटावर स्नानाला गेली आणि येताना पदरात एक पिल्लू घेऊन आली. मी म्हटलं, "हे खाली ठेवून ये." ती म्हणाली, "तू परेशान नको होऊस, मोठं झालं की जाईल." मोठं झालं, गेलं नाही. ती त्याला सोन्या म्हणायची. मी 'ए' म्हणायचे, तेही वाटेतून उठवायचं असलं तर.

आमच्या घरात शिरलं की आधी एक लांब, अंधारा बोळ लागतो. दोन्हीकडे दगडी भिंती. समोरून माणूस आलं तर एकाला उलटं चालत मागे जावं लागतं. बोळाच्या शेवटी जिना, वर आमच्या खोल्या. वरून खालचं दार दिसत नाही, म्हणून बाहेरून येणाऱ्याने उंबऱ्यातच आवाज द्यायचा, हा घरचा नियम. मी ओरडायचे, "ताई, आले!" वरून ताई म्हणायची, "ये." तेवढ्यात कुत्रा धडधडत खाली येऊन बोळात उभा राहायचा आणि त्याचं शेपूट दोन्ही भिंतींवर वाजायचं. धप्, धप्, धप्.

त्याआधीच्या पौषात ताई गेली. दिवसपाणी आटोपल्यावर मी पहिल्यांदा भाजी आणायला बाहेर पडले आणि परत येऊन उंबऱ्यात सवयीने ओरडले, "ताई, आले!" मग जीभ चावली. वरून काही आलं नाही. पण बोळातून धप्, धप्, धप् आलं.

त्यानंतर मी रोज ओरडायला लागले, आणि चुकून नव्हे. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. दिवसभर भाजीवाला, दूधवाला, शेजारपाजार, सगळ्यांशी हिंदी. 'ताई, आले' हे दोन शब्द एवढंच माझं दिवसाचं मराठी, आणि त्याला शेपटाचं उत्तर. मला ते पुरत होतं. पुरतं आहे असं मी स्वतःला बजावत तरी होते.

कार्तिकात एका सकाळी बोळाच्या भिंतींवर गुडघ्याच्या उंचीवर लाल शिंतोडे दिसले. बनारसात भिंतीवर लाल दिसलं की दुसरा विचार करायचा नसतो, कुणीतरी पान थुंकलेलं असतं. मी घासून काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आत येणारा दूधवाला एकटाच, तेव्हा त्याला धरला आणि शाळेतल्या आवाजात झापला. त्या बिचाऱ्याने ओठ मागे ओढून दाखवले. "हम पान नाहीं खाइला, बहिनजी, दाँत देख लीं!" दात खरंच पांढरे होते. मग त्याने वाकून भिंत पाहिली आणि म्हणाला, "ई पान नाहीं, खून हौ."

शेपटाचं टोक फुटलं होतं. दोन दिवस रक्त वाहत होतं आणि मी दूधवाल्याचे दात बघत होते. ताईला दुसऱ्या मिनिटाला कळलं असतं.

मी घरचं औषध केलं. तुपात हळद कालवून लावली. त्याने ती नैवेद्यासारखी चाटून साफ केली, पुन्हा लावली, पुन्हा चाटली. चाटून चाटून जखम रुपयाएवढी झाली. तेव्हा शेपटाला ताईची शाल गुंडाळून गल्लीबोळांतून मोठ्या रस्त्यापर्यंत त्याला चालवत नेलं, तिथून रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरकडे.

डॉक्टरने शेपूट उलटंसुलटं करून पाहिलं. "न कुछ दबा है, न किसी ने काटा है. यह ख़ुशी का घाव है, बहनजी. पूँछ हिला-हिलाकर दीवार पर मारता है." मिठाच्या कोमट पाण्याने धुवायचं, मलम लावायचं, सैल पट्टी बांधायची, वर कापलेली बाटली चढवायची. आणि मुख्य म्हणजे, "तीन हफ़्ते इसको ख़ुश मत होने दीजिए. नहीं भरा तो आगे का हिस्सा काटना पड़ेगा." मग त्याने सहज विचारलं, "घर में ऐसा क्या होता है कि इतना ख़ुश हो जाता है?"

मी म्हटलं, "कुछ नहीं."

खोटं नव्हतं ते. घरात मी येत होते, एवढंच होत होतं.

त्याला वर कोंडून पाहिलं, तर माझा आवाज ऐकून तो दारावर शेपूट हाणायला लागला. आमच्या घरात रुंद अशी जागाच नाही. तेव्हा उरला एकच उपाय. शेपूट वाचवायचं तर हाक बंद. कापलं तर भिंतीवरचं उत्तर कायमचं गेलं, म्हणून मी तीन आठवडे ते आपल्या हाताने बंद करायचं ठरवलं. रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हेच.

मी चोरासारखी घरात शिरायला लागले. चपला हातात, तोंड बंद. वास लागला की तो यायचाच. बाटलीचा खडखडाट सुरू होणार इतक्यात मी भिंतीकडे तोंड फिरवायचे. तो थोडा वेळ उभा राहायचा, मग खाली बसायचा. वर पोचल्यावर ताईची गुंडाळलेली गादी समोर असायची. तोवर दहा महिने मी खालून हाक मारून येत होते, म्हणजे येताना वर कुणीतरी आहे असं धरून येत होते. आता न बोलता आले की वर कुणी नव्हतं. मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं, तिला पोचवून माणसं घाटावरून परत आली त्या दिवशीही नाही. आणि ज्याच्याजवळ बसून रडावं, त्याच्याकडे बघायची डॉक्टरची मनाई.

पट्टी मात्र रोज दोनदा करत होते. खिडकीपाशी बसायचं, मीठपाणी, कापूस, मलम. तो हूं की चूं करायचा नाही. मीही नाही. शाळेत मुली माझ्या तासाला अशाच बसायच्या. बाटली दिवसातून तीनदा निसटायची. एकदा जिन्यावर सापडली, एकदा देवघरात. शेपूट काही सरळ झालं नाही. म्हण खरी आहे.

जखम भरली. खपली पडली आणि खाली गुलाबी कातडी आली, केस नसलेली. डॉक्टर म्हणाला, "बच गई पूँछ. अब चाहे जितना ख़ुश हो."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पंचगंगा घाटापर्यंत उतरले, नको असलेली पालकाची जुडी घेतली आणि परत आले. उंबऱ्यात उभी राहिले. "ताई, आले!"

तो जिन्याच्या पायरीपाशी होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. हुबेहूब मी फिरवायचे तसं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी इतकी जोरात ओरडले की समोरच्या खिडकीतून शेजारीण डोकावली. "का भइल, बहिनजी?" मी म्हटलं, "कुछ नहीं." हे 'कुछ नहीं' माझ्या तोंडात फारच बसलं आहे.

चौथ्या दिवशी मला राग आला. तीन आठवडे ज्याची सेवा केली तो असा वागतो! पिशवी आपटली आणि तिथेच बोळात, फरशीवर, मांडी घालून बसले. राग कुत्र्याचा नव्हता हे बसल्यावर कळलं. दहा महिने मी हाक ताईला मारत होते आणि उत्तर तो देत होता. त्याला मी कधीच काही म्हटलं नव्हतं. तो माझ्या हाकेला येत होता की ताई खाली उतरेल म्हणून, हेही मला ठाऊक नव्हतं. आणि ताई उतरणार नव्हती. हे त्याला आता कळलं असेल तर ते माझ्यामुळेच.

घसा साफ केला. लाज वाटत होती, कुणी ऐकत नसताना.

"सोन्या," मी म्हटलं. "मी आले रे."

त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग उठला, बोळातून सावकाश चालत आला आणि माझ्या गुडघ्यापाशी उभा राहिला. शेपूट एकदा भिंतीवर वाजलं. मग पुन्हा. ती गुलाबी कातडी थेट दगडावर.

मी हात पुढे करून तळवा भिंतीला लावला, शेपूट आपटत होतं तिथेच. तो जोरात हाणत होता आणि चांगलंच लागत होतं. मी हात काढला नाही.