डावीकडं ओढणारं विमान

मी माझं वजन चौदा किलोनं कमी सांगितलं आणि त्यापायी एक विमान पडलं. एवढी एक गोष्ट सोडली, तर आमच्या हिच्या मामांइतकं अचूक विमान अख्ख्या सोलापुरात कुणी चालवलं नाही, असं मी छातीठोकपणे सांगतो. सत्तरनंतरच्या त्या वर्षांत सोलापुरात दुसरं कुणी विमान चालवत असल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं, आणि मामांचं विमानही त्यांच्या टायपिंग क्लासच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये, जमिनीपासून दोन हात उंचीवर होतं. पण त्यानं माझ्या विधानाला काही बाधा येत नाही.

तरुणपणी मामा पुण्याला विमान शिकायला गेले होते. दोन माणसांचं छोटं विमान, शेजारी शिकवणारे सर. एकट्यानं उडवायचा दिवस जवळ आला आणि डॉक्टरांनी मामांच्या डाव्या कानात डोकावून मान हलवली. मामा परत आले, टायपिंगचा क्लास काढला, लग्न केलं. पण जमिनीवर उतरले ते फक्त देहानं. सायकलवरून होटगी रोडला निघताना आधी रुमाल हवेत धरून वारा बघायचे. वळणावर सायकलसकट असे कलायचे की समोरचा टांगेवाला आपणहून घोडा थांबवायचा. क्लासमधल्या मुलींना सांगायचे, "बोटं आपटू नका गं, अलगद उतरवा. लँडिंग हाय ते!" मामीनं तव्यावर भाकरी टाकली तरी ती कशी उतरली यावर शेरा असायचाच. मामी मैंदर्गीच्या. त्या कन्नडमधून काहीतरी पुटपुटायच्या, ते मामांना कळायचं आणि मला कळायचं नाही, हे बरंच होतं.

हे जमिनीवरचं विमान म्हणजे एका लोखंडी गोळ्यावर तोललेली लांबट फळी, तिच्या पुढच्या अंगाला खुर्ची, खाली मोडीत निघालेल्या यंत्रमागांच्या स्प्रिंगा आणि एका पेटीचा भाता. दांडी ओढली की नाक वर, लोटली की खाली. हे सगळं जमवायला मामांना फार वेळ लागला नाही. खरं काम त्यापुढचं होतं. "परत्येक विमानाला सोबाव असतो, जावईबापू," ते म्हणायचे. "दांडी ओढल्यावर ते लगेच ऐकत न्हाय. इचार करतं. मग वर जातं. आन हात सोडला की आपलं आपण सरळ होतं." तो स्वभाव कुठं लिहिलेला नव्हता. वीस वर्षांपूर्वीचा तो मामांच्या हातात होता तेवढाच. डोळे मिटून, नसलेली दांडी मुठीत धरून ते बराच वेळ बसायचे, आणि मग उठून एखादी स्प्रिंग अर्धा आटा पिळायचे. पेटीवाला सूर लावतो, तसा ते स्वभाव लावत होते.

ते खाली आडवे होऊन पिळत असताना वर बसायला कुणीतरी लागायचं. ही मामांकडंच वाढलेली, म्हणून तेच माझं सासर; दर रविवारी तिथं जेवायला येणारा मी त्यांना सापडलो. माझी विमानविद्येतली पात्रता एवढीच, की जेवल्यावर मी फारसा हलत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "नाक लई वर जाऊ देऊ नका, स्टॉल येईल."

गड्ड्याच्या जत्रेत वाढलेला मी. म्हटलं, "कशाचा?"

"कशाचा म्हंजे?"

"भज्यांचा का रसाचा?"

मामांनी डोळे मिटून घेतले. उडणारं विमान हवेत टेकू सुटल्यासारखं खाली येतं त्याला स्टॉल म्हणतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. पण माझ्यावरची त्यांची श्रद्धा तिथंच थोडी खचली असावी.

मग त्यांनी वजन विचारलं. समोर मामी वाढत होत्या, दारात मेव्हण्या उभ्या होत्या. मी "अडुसष्ट" म्हणालो. आदल्याच आठवड्यात स्टेशनवरच्या यंत्रानं मला ब्याऐंशीचं तिकीट दिलं होतं. पण त्याच्या मागं 'तुम्ही सत्यवचनी आहात' असं छापलेलं होतं, आणि मी तिकिटाच्या मागच्या बाजूवर विश्वास ठेवला. मामांची नजर माझ्या कॉलरपासून पट्ट्यापर्यंत गेली आणि पट्ट्यापाशी जरा थांबली. पण जावयाचं वजन खोटं म्हणायचं कसं? त्याला किराणा दुकानाच्या काट्यावर उभं करायचं कसं? "अडुसष्ट? झकास. आमचे सरबी तेवढेच."

तिथून मामांचे हाल सुरू झाले. हिशोबानं सगळं जुळायचं आणि मी बसलो की नाक खाली. मामा फळीच्या मागच्या टोकाला, म्हणजे शेपटीला, वीट बांधायचे, नाक सरळ व्हायचं. पुढच्या रविवारी मामींच्या शेंगापोळ्या पोटात घेऊन मी बसलो की पुन्हा नाक खाली आणि पुन्हा अर्धी वीट. शिवाय विमान जरासं डावीकडं ओढायचं. मी म्हटलं, "मामा, एवढं तरी नीट करा." ते ताडकन म्हणाले, "त्येला हात लावायचा न्हाय!"

आणि अशात सरांचं पत्र आलं. रिटायर झाले होते, सोलापूरला भाचीकडं येणार होते, मामांनी कळवलेलं विमान बघतो म्हणाले. मामांची झोप उडाली. एका रविवारी फळीखालून त्यांचा आवाज आला, "जावईबापू, थेरीत, हिशोबात बसत न्हाय हो. माझ्या हाताला चुकीचंच आठवतंय जणू. मग मी उडलो तरी हुतो का, का मनानंच रचलंय सगळं?" मी वर ब्याऐंशी किलोंनी गप्प बसलो.

सर आले. उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचे. खुर्चीत बसले, दांडी धरली, आणि नाक वर निघालं. थांबेचना. "स्टॉल! स्टॉल!" मामा ओरडले. शेपूट धाडकन आपटली आणि सर मागं रचलेल्या चादरींच्या ढिगात उताणे झाले. त्यांना काही लागलं नाही. लागलं ते मामांना. खाली बघत म्हणाले, "सर, चुकलं. माझ्या हाताला काय बी आठवत नव्हतं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, मी ब्याऐंशी आहे."

 दारातली एक मेव्हणी फिसकन हसली. मी रागाची वाट बघत होतो, पण मामांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. "ब्याऐंशी! मग थेरी बरुबर हाय की!" आणि ते विटा सोडून सोडून बाहेर फेकायला लागले.

सर पुन्हा बसले. दांडी ओढली; विमानानं विचार केला आणि वर गेलं. हात सोडले, आपलं आपण सरळ झालं. मग हळूच डावीकडं ओढलं. सरांनी डोळे मिटले. "अरे," ते म्हणाले, "हे तर आपलंच! अजून डावीकडंच ओढतं!" मग ते खाली उतरले, मामांच्या उजव्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "मी उतरलो. आता तू एकटा जा."

त्या खुर्चीत मामा आजवर कैक वेळा बसले असतील. त्या दिवशी मात्र त्यांनी आधी शर्टाची गुंडी लावली, खिशातला रुमाल काढून वारा बघितला आणि मग बसले.

मामा गेले त्याला बरीच वर्षं झाली. शेड अजून आहे. परवा गेलो तेव्हा कुणी नाही असं बघून मी खुर्चीत बसलो, डोळे मिटले आणि हात सोडले. नाक सावकाश खाली गेलं आणि जमिनीला टेकलं.  दारात मामी चहा घेऊन उभ्या होत्या. म्हटलं, "मामी, मामा गेले आणि स्प्रिंगाही थकल्या बघा."

मामींनी चहा माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत जावयाला त्या कधी उणा शब्द बोलल्या नव्हत्या.

"स्प्रिंगाला काय झालंय? ह्यांनी जाताना तुमच्या ब्याऐंशीला सगळं बरुबर करून ठिवलंय की. तुमीच लई जड झालाय."