ओरडून सांगितलेलं माप

पेणच्या बाजारातला आमचा शिंपी माप घेतो तेव्हा अख्ख्या गल्लीला कळतं. टेप लावून तो आकडा ओरडतो आणि मशीनवर बसलेली त्याची बायको वहीत लिहिते. मी पाचवीत असताना ओरडला होता, "पोरगा वाढतोय गो, बाहीला दुमड ठेव!" बी.कॉम. होऊन नोकरीला लागलो तेव्हा म्हणाला, "खांदे अठरा! आता दुमड नको." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, ते अठरा मला अजून पाठ आहेत.

गेल्या महिन्यात, बहिणीच्या लग्नाच्या शर्टासाठी, आजारातून उठलेल्या बाबांना घेऊन गेलो. जन्मभर मिठागरात पाट्या उचललेला माणूस पायरीवरच अडला. "जुना शर्ट चालंल. चार लोकांत ओरडंल तो."

मी हात धरून त्यांना वर घेतलं. टेप छातीभोवती फिरली. मला छत्तीस दिसले. शिंपी ओरडला, "बेचाळीस! मिठागरवाला हाय तसाच हाय गो!"

बाबा ताठ झाले आणि पायरी उतरून पुढे चालू लागले. मग शिंपी बायकोकडे वाकून पुटपुटला, "छत्तीस लिव."

"लिवलंय कवाच," ती मान वर न करता म्हणाली. "म्हाताऱ्यांचं माप मी तुमच्या तोंडचं घेतच नाय."