पुण्याच्या लायटी बघायला गेलेली बाई

ती दिवाळी मला आजही आठवते आणि आठवली की स्वतःचाच राग येतो. मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. लक्ष्मीपूजनाचा दिवस. निम्मा स्टाफ बाजारपेठेच्या बंदोबस्ताला गेलेला. सकाळी दहाच्या सुमारास पाटोद्याकडचा एक माणूस समोर येऊन उभा राहिला. भाऊबीजेसाठी बहिणीला न्यायला तो नेकनूरजवळच्या तिच्या गावी गेला होता. तिथं शेजारीपाजारी उलट त्यालाच विचारू लागले, "बहीण तुझ्याकडंच गेलती न्हवं? तिचा नवरा तर तसंच सांगतोय."

"साहेब, ती माझ्याकडं आलीच न्हाई," तो म्हणाला. "त्यानं मारून टाकलंय तिला."

बाई तीन दिवस कुणाला दिसली नव्हती. मिसिंग दाखल केली, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि नवऱ्याला चौकशीला आणलं. पन्नाशीचा, काटक, ऊसतोडीवर जाणारा माणूस. आमच्याकडे तोडीवरच्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकट्याला सहसा कुणी नेत नाही. त्या वर्षी कारखाने उशिरा सुरू होणार होते, म्हणून यांची गाडी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघायची होती.

"माहेरी गेली म्हणून खोटं कशाला सांगितलंस रे?" मी विचारलं.

तो खाली बघत राहिला. गुन्हेगाराची मान खाली जाते, तशी लाजलेल्या माणसाचीही जाते. मी त्या दिवशी ते ओळखायला चुकलो. दुपारपर्यंत त्याला चांगलंच फैलावर घेतलं, तेव्हा कुठे तो बोलला.

"सोडून गेली ती मला. लोकांना काय सांगू? कोयता मोडला म्हणू?"

"भांडण झालं होतं?"

"भांडण कसलं साहेब. पुण्याच्या लायटी बघायला जाऊ म्हणली. मी म्हणलो, लायटी काय खायच्यात का? दुसऱ्या दिवशी रानातून आलो तर घरात न्हाई."

मी हसलो. ठाणे अंमलदाराला म्हणालो, "ऐकलं का, आता लायटीपायी बायका घर सोडायला लागल्या." आणि आसपासच्या विहिरी बघायला माणसं पाठवली.

घरझडतीला गेलेली महिला शिपाई तासाभराने परत आली. पोरगी नवी होती, पण डोकं ठिकाणावर होतं. घरातली भांडी तोडीवर न्यायच्या गाठोड्यात बांधून तयार होती. दोन्ही कोयत्यांना धार लावून वर फडकी गुंडाळलेली होती. बाईची ठेवणीतली साडी आणि एक पिशवी तेवढी घरात नव्हती.

"साहेब, जिला परत यायचं न्हाई, ती नवऱ्याच्या कोयत्याला कशाला धार लावून जाईल?" ती म्हणाली.

आम्ही पारावरच्या यच्चयावत पुरुषांना विचारलं होतं. तिनं शेजारणीच्या चुलीपुढं बसून विचारलं. शेजारणीची लेक पुण्यात स्वयंपाकाची कामं करते. मागच्या दिवाळीत तिनं तिकडच्या सोसायट्यांच्या रोषणाईचा व्हिडिओ आईला पाठवला होता. आमची बाई सवड मिळेल तेव्हा येऊन तोच व्हिडिओ बघायची. जाताना शेजारणीला म्हणाली होती, कुणाला सांगू नको, हसतील.

त्या लेकीला फोन लावला. "मावशी हितंच हाय की," ती म्हणाली. "भाऊबीजेला घरी जाते म्हणलीय."

भाऊ ठाण्याच्या पायरीवर बसून लहान लेकरासारखा रडला. पण माणूस समक्ष पाहून जबाब घेतल्याशिवाय मिसिंग बंद होत नाही. पाडव्याला मी, ती महिला शिपाई आणि ओळख पटवायला नवरा असे पुण्याला गेलो.

शेजारणीच्या लेकीनं पत्ता दिला होता. दिवेलागणीच्या वेळी ती एका मोठ्या सोसायटीसमोर, रस्त्याच्या अलीकडच्या फुटपाथवर उभी दिसली. समोर दहा-बारा मजले, गॅलरीगॅलरीत आकाशकंदील, झाडांच्या बुंध्यांनासुद्धा माळा. देवळापुढं काढतात तशा तिनं चपला काढून ठेवल्या होत्या. नवऱ्याबरोबर खाकी कपडे बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"उद्या येणारच होते की मी," ती त्याला म्हणाली. "तीस दिवाळ्या उसाच्या फडात गेल्या. पाचटाच्या कोपीत पणती लावावी तर सगळं खोपटच पेटंल म्हणून तीबी लावता आली न्हाई. यंदा गाडी उशिरा हाय. पुन्हा कधी घावंल?"

नवऱ्यानं हात उचललाच तर धरायच्या तयारीनं मी एक पाऊल पुढं सरकलो. तो मात्र मान वर करून त्या कंदिलांकडे बघत होता. मग त्यानंही चपला काढल्या.

"अजून किती ऱ्हायल्यात?" त्यानं विचारलं.

"ह्या रस्त्याच्या पाच," ती म्हणाली.

त्या पाचही सोसायट्या आम्ही चौघांनी चालत बघितल्या. ती पुढं बोट दाखवत चालली होती आणि तो मागून नुसता 'लई भारी' म्हणत होता. जबाबात मी 'घरगुती कारणावरून' असं लिहिलं. दुसरं काय लिहायचं ते मला सुचलं नाही. ठरल्या दिवशी दोघं गाडीत चढून तोडीला गेले.

बेपत्ता माणसाची उंची, बांधा, रंग, अंगावरचे कपडे आम्ही विचारतो. त्याला कशाची आस लागली होती, हे पहिल्यांदा विचारायला हवं. मी या प्रकरणातून एवढंच शिकलो, आणि तेही अर्धवटच.

आता मी निवृत्त होऊन पुण्यात मुलाकडे राहतो. बायको जाऊन तीन वर्षं झाली. दिवाळीत रोज संध्याकाळी गल्लोगल्लीची रोषणाई बघत एकटाच फिरतो आणि तिची फार आठवण येते. माझ्या नोकरीतल्या बहुतेक दिवाळ्या बंदोबस्तात गेल्या, आणि तिच्या दिवाळ्या घरात माझी वाट बघण्यात. त्या पाडव्याला फुटपाथवरूनच मी तिला बीडला फोन केला होता. म्हटलं, "तुला काही बघायचं असतं का गं कधी?"

"मला काय बघायचंय?" ती म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

जन्मभर लोकांचे जबाब तपासले, पण तिचं ते उत्तर मी खरं मानलं आणि फोन ठेवला.